पानासकट पेरू

लग्न होऊन मी मिरजेहून इकडे आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मला जाग आली ती भांडणाच्या आवाजाने. परसदारी दोन बायका कन्नडमध्ये तावातावाने बोलत होत्या. मला कन्नडचं अक्षरही येत नव्हतं. त्यातला एक आवाज माझ्या नणंदेचा आहे, एवढंच कळलं. मी घाबरून नवऱ्याला उठवलं. तो कूस बदलत म्हणाला, "पेरू न्यायला आली असेल. रोजचंच आहे."

मी उठून मागच्या दाराशी गेले. माझी नणंद, जिला घरीदारी सगळे अक्का म्हणत, कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर एक बुटकी, रुंद बांध्याची बाई. डोक्यावर चुंबळ, हातात रिकामी बुट्टी. इकडे टोपलीला बुट्टीच म्हणतात. दोघींचे आवाज असे चढलेले, की आता एक दुसरीच्या झिंज्या धरणार असं मला वाटलं. तेवढ्यात ती बाई काहीतरी बोलली आणि दोघी एकदम हसत सुटल्या. अक्का मागे वळून मला म्हणाल्या, "उठलीस का? चहा टाक. हिलाही टाक, आणि साखर जरा जास्त."

हा आमच्या बागेचा व्यापार होता. तो तसाच चालायचा.

हुबळी आणि धारवाडच्या मधला आमचा पट्टा पेरूचा. घरटी एखाद-दुसरा एकर, त्यात दाटीवाटीने लावलेली झाडं, बांधाला एखादा आंबा नाहीतर चिकू. आमची बाग त्यातल्या त्यात मोठी, पण तीही बागाईतदार म्हणवून घेण्याएवढी नव्हे. सासरे धारवाडच्या शाळेत शिक्षक होते, माझा नवरा तारिहाळच्या कारखान्यात. घराला पगाराचा आधार होता. पण बाग चालवली ती अक्कांनी. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पायात पुरुषी चपला, मनगटावर वडलांचं जुनं घड्याळ, पदर कमरेला खोचलेला, आणि आवाज असा की बागेच्या एका टोकाला उभ्या राहून दुसऱ्या टोकाच्या पोपटांना उठवतील.

पेरू न्यायला चारपाच बायका यायच्या. प्रत्येकीची झाडं ठरलेली. उजाडायच्या आधी येऊन त्या स्वतःच फळ तोडत, आणि तोडताना देठाला एखाद-दोन पानं ठेवत. पानासकट पेरू ताजा दिसतो. मग बुट्टीत खाली पालापाचोळा, त्यावर बारकं फळ, सगळ्यात वर मोठी, पिवळसर पडलेली, अशी रचना करून त्या निघत. कोणी बस स्टँडवर, कोणी शाळेच्या फाटकाशी. ती बुटकी बाई धारवाड स्टेशनवर जायची. तिथून अळणावरच्या पॅसेंजरमध्ये चढायची आणि डब्यातून विकत विकत पुढे जाऊन येणाऱ्या गाडीने परतायची. मोठं फळ, बारकं फळ, पोपटाने टोचलेलं, सगळं दुपारपर्यंत संपलेलं असायचं. टोचलेल्याला ती कापून तिखट-मीठ लावायची. पोपट गोड फळच टोचतो, असं गिऱ्हाइकाला सांगायची.

मला कन्नड शिकवलं तिनेच. पहिल्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन ती मला "तंगी, तंगी" म्हणाली तेव्हा मला वाटलं, ही पैशाची तंगी सांगतेय. मी अक्कांना आत जाऊन म्हटलं, "तिला काहीतरी द्या हो, अडचणीत दिसतेय बिचारी." अक्का हसून हसून खालीच बसल्या. तंगी म्हणजे धाकटी बहीण. ती गोष्ट अक्कांनी तिला सांगितली, आणि पुढे कितीतरी वर्षं ती मला पाहिलं की पदर पसरून भीक मागितल्यासारखं करायची आणि म्हणायची, "तंगी, तंगी!" आम्ही दोघी रोज त्याच गोष्टीवर हसायचो.

तिचं नि अक्कांचं नातं काय होतं हे मला नीट सांगता येणार नाही. मैत्रीण म्हणावं तर ती कधी पुढच्या सोप्यात येऊन बसली नाही; तिचा चहा परसातल्या दगडावरच व्हायचा. व्यापारी म्हणावं तर सासरे गेले तेव्हा दहा दिवस ती रोज सकाळी आली, फळाला हात न लावता अंगण झाडून गेली. अक्कांना ताप आला तर कुठलातरी पाला वाटून आणायची. आणि बऱ्या झाल्या की परत दुसऱ्या दिवसापासून भांडण.

असं सगळं दहाबारा वर्षं चाललं. वाईट दिवसही होतेच. पावसाळी बहाराला फळ उदंड यायचं, पण गिऱ्हाईक कमी. गाडी रद्द झाली की बायका यायच्या नाहीत आणि झाडाखाली पेरूंचा सडा पडायचा. त्या आंबूस वासाने घर भरून जायचं. अक्का चिडचिड करायच्या. "माणसाने झाड वाढवायचं आणि शेवट एका पॅसेंजर गाडीवर अवलंबून राहायचं, हे काय खरं आहे का?" असं म्हणायच्या.

मग नवं शतक लागल्यावर काही वर्षांनी कंपनी आली.

बेंगळूरला मोठमोठी गार दुकानं निघाली होती, भाजी-फळं काचेत मांडून विकणारी. तशाच एका दुकानवाल्या कंपनीने आमच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड घेतली आणि त्याला कलेक्शन सेंटर म्हणायला सुरुवात केली. तिथला साहेब म्हणजे शेतकी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण. अंगाने किडकिडीत, बोलायला गोड. तो मोटारसायकलवरून घरोघरी हिंडला. आमच्याकडे आला तेव्हा अक्कांनी त्याला सोप्यात बसवलं. तो म्हणाला, "अक्का, तुम्ही फक्त फळ आणा. वजन तुमच्यासमोर, पैसे बँकेत. पाऊस असो, बंद असो, आमची गाडी रोज जाणार."

अक्कांनी त्याला शंभर प्रश्न विचारले. तो कंटाळला नाही. शेवटी त्याने सॅकमधून एक कात्री काढली आणि पेरू कसा काढायचा ते दाखवलं. देठ अगदी फळालगत कापायचा. पान अजिबात ठेवायचं नाही, कारण क्रेटमध्ये एकाचा देठ दुसऱ्याला टोचतो आणि डाग पडतो. फळ हिरवं असतानाच काढायचं. अक्कांनी ती कात्री हातात घेऊन दोनतीनदा उघडमीट करून पाहिली. मला तो क्षण आठवतो, कारण त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

रात्रीच्या जेवणाला माझा नवरा म्हणाला, "अक्का, बघ हं. कंपन्यांचं काही खरं नसतं. मी रोज बघतो."

अक्का म्हणाल्या, "आयुष्यभर मी परसदारी उभी राहून पेरू विकले. एकदा पुढच्या दाराने विकून बघू दे की मला."

मला तर मनातून आनंदच झाला होता.

त्या बुटक्या बाईला सांगण्याचं काम अक्कांनी स्वतः केलं. सकाळी ती नेहमीसारखी आली. अक्का म्हणाल्या, "उद्यापासून फळ शेडवर जाणार. तुला नाही देता येणार."

"सगळं?" तिने विचारलं.

"सगळंच द्यायला सांगितलंय त्यांनी."

"मग आज नेऊ?"

"आज ने की."

तिने फळ तोडलं, बुट्टी भरली. मी चहा दिला, तो प्याली. कप धुऊन दगडावर पालथा घातला आणि चुंबळ डोक्यावर ठेवून गेली. त्या दिवशी भांडण झालंच नाही. दर काय म्हणून तिने विचारलं नाही, अक्कांनी सांगितला तेवढ्याला मान हलवली. ती गेल्यावर अक्का बराच वेळ परसात उगीचच काहीतरी आवरत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "भांडली असती तर बरं झालं असतं."

पहिलं वर्ष चांगलं गेलं हे मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. पैसे खरोखरच बँकेत येत. पावसाळ्यातही गाडी जात होती. अक्कांनी आजूबाजूचे छोटे बागवाले गोळा केले; कुणाची अर्धा एकर, कुणाची पाऊण. एकट्याचं फळ एवढंसं असलं तर कंपनी विचारत नसे, सगळ्यांचं मिळून विचारी. अक्का सकाळीच शेडवर जायच्या, कुणाचं फळ आधी मोजायचं त्याची रांग लावायच्या. गावातले म्हातारे पुरुष त्यांना आधी बागेतली बाई म्हणून ओळखत. आता "अक्कांना विचारा" म्हणू लागले. त्यांनी कर्नाटक एम्पोरियम या दुकानातून दोन नव्या साड्या घेतल्या. पन्नाशीतल्या अक्का वर्षभर इतक्या सुखात होत्या की त्यांच्याकडे बघून मलाही बरं वाटायचं.

पण त्या शेडमध्येच गावाला एक नवा शब्द मिळाला, रिजेक्ट. एका मापाच्या वरचं आणि एका मापाच्या खालचं फळ नको, डाग नको, पिवळं नको. साहेब वाईट नव्हता. फळ बाजूला काढताना त्याचाही चेहरा पडायचा. पण बाजूला काढायचाच. आमच्या शेजारचे एक म्हातारे अण्णा होते. त्यांची झाडं जुनी, फळ बारीक पण मधासारखं. त्यांचे एके दिवशी जवळजवळ सगळेच क्रेट परत आले. ते शेडच्या पायरीवर बसून एकेक पेरू हातात घेऊन बघत होते, आणि अक्कांना विचारत होते, "यात वाईट काय आहे, तेवढं सांग मला." अक्का काय सांगणार? त्या म्हणाल्या, "वाईट नाही अण्णा, लहान आहे."

"लहानच असतंय आमचं. पहिल्यापासून."

आता या परत आलेल्या फळाचं करायचं काय? पूर्वी त्याचा प्रश्नच नव्हता, बुट्टीत सगळं जायचं. अक्कांना ती बाई आठवली. त्यांनी निरोप पाठवला. ती आली, नेहमीच्या दगडावर बसली. अक्का म्हणाल्या, "शेडवरून उरलेलं फळ तू ने. जवळजवळ फुकट ने, हवं तर."

तिने एक पेरू उचलला, फिरवून पाहिला, ठेवला. "वर ठेवायला काय देणार?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"बुट्टीवर चार चांगली असली की खालची खपतात, अक्का. नुसती खालचीच घेऊन बसले तर माणूस थांबतच नाही."

तरी तिने आठवडाभर नेऊन पाहिलं. देठ कापलेले, पान नसलेले, डागाळलेले पेरू. मग यायची बंद झाली. बाकीच्या बायकांपैकी दोघी तारिहाळला कारखान्यात साफसफाईला लागल्याचं कळलं, एक मुलीकडे निघून गेली. हिचं काय झालं ते कळलं नाही. मी एकदोनदा अक्कांपुढे विषय काढला. त्या म्हणाल्या, "ती काही उपाशी राहणारी बाई नव्हे." ते खरंच होतं.

दुसऱ्या वर्षी कंपनीने अक्कांना बेंगळूरला दुकान बघायला बोलावलं. सोबत मी गेले. सकाळी उतरलो, एका लॉजमध्ये आंघोळ केली, अक्का नवी साडी नेसल्या. दुकानाची दारं आपोआप उघडली तेव्हा त्या दचकून माझा दंड धरून उभ्या राहिल्या. आत थंडगार. फळं पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेली, वरून दिवे सोडलेले. आमचे पेरू मधल्या पायरीवर होते. प्रत्येकाला पांढऱ्या फोमची जाळी घातली होती, बाळाला टोपडं घालतात तशी. आमचेच की आणखी कुणाचे, हे सांगणार कसं? पण अक्का म्हणाल्या, "आपलेच," आणि माझेही डोळे भरून आले.

शेजारी एक बाई ढकलगाडी घेऊन उभी होती. तिने एक पेरू उचलला. अक्कांना राहवलं नाही. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "धारवाडचे आहेत. आमच्या बागेतले." ती बाई थोडंसं हसली, पेरू परत ठेवला आणि पुढे सरकली. तिला वाटलं असेल, ही काहीतरी खपवायला उभी केलेली बाई आहे. अक्का मात्र अजून आनंदात होत्या. त्यांनी एक पेरू जाळीतून बाहेर काढला आणि नाकाशी नेला. मग दुसरा. मग मला म्हणाल्या, "तू बघ गं. मला सर्दी झालीय का?"

मी हुंगून पाहिला. वास नव्हता. गारठलेल्या फळाला वास नसतो, हे आता मला माहीत आहे. तेव्हा आम्ही दोघी तिथे एकेक पेरू नाकाशी धरून उभ्या होतो आणि तिथला मुलगा संशयाने आमच्याकडे बघत होता. अक्कांनी त्यातले दोन पेरू रीतसर विकत घेतले. लॉजवर परत येऊन आम्ही एक कापला. आतून कोरडा होता, दाताखाली कचकच वाजणारा. अक्कांनी अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून ठेवला. परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. राणेबेन्नूर गेल्यावर एकदाच म्हणाल्या, "झाडावर असता अजून चार दिवस, तर बरा लागला असता."

त्यानंतर लवकरच साहेबाने नव्या जातीची गोष्ट काढली. बाहेरच्या देशातून आलेला पेरू. मोठा, बिया कमी, पंधरा दिवस टिकणारा. दुकानात आता तोच मागतात, म्हणाला. जुनी झाडं काढून नवी लावा, रोपं कंपनी देईल. अक्कांनी बरेच दिवस मान्य केलं नाही. पण इतरांनी लावली, आणि जुन्या फळातलं रिजेक्ट वाढत चाललं. शेवटी अक्कांनी बागेचा रस्त्याकडचा अर्धा भाग काढला. झाडं तोडायला माणसं आली त्या दिवशी त्या धारवाडला बँकेत काही काम आहे म्हणून निघून गेल्या. संध्याकाळी आल्या तेव्हा फांद्या रचून ठेवलेल्या होत्या, त्यांची पानं अजून हिरवी. अक्का त्या ढिगाला वळसा घालून घरात आल्या.

नवी रोपं तरारून आली. दुसऱ्या वर्षी त्यांना फळ धरलं. आणि त्याच सुमाराला कंपनीने शेड बंद केली.

साहेब स्वतः सांगायला आला. कंपनीची बरीच दुकानं तोट्यात गेली होती, इकडचं काम गुंडाळायचं ठरलं होतं. त्याची नोकरीही गेली होती, हे त्याने शेवटी, उठता उठता सांगितलं. सोप्यातल्या खुर्चीवर तो मान खाली घालून बसला होता. "अक्का, मी सांगितलं ते मला खरंच वाटत होतं," म्हणाला. अक्कांनी त्याला जेवायला वाढलं. वाढताना भाकरीवर तुपाचा मोठा गोळा घातला. तो गेल्यावर मी रागाने काहीतरी बोलले, तर मलाच म्हणाल्या, "त्याच्यावर कशाला चिडतेस? त्यालासुद्धा घरी जाऊन सांगायचंय."

फळ मात्र झाडावर होतं. अण्णांनी आणि इतरांनी अक्कांकडे बघितलं. त्यांनी टेम्पो करून सगळ्यांचं फळ हुबळीच्या घाऊक बाजारात नेलं. तिथे त्या नव्या जातीचे पेरू कुठून कुठून ट्रकने येऊन पडले होते. आमच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. जे मिळालं त्यात टेम्पोचं भाडंही जेमतेम सुटलं. अण्णा परत येताना टेम्पोत अक्कांशेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत. अक्कांना तेच जास्त लागलं.

पाठोपाठ हिवाळी बहार आला. मागच्या अर्ध्या भागातल्या जुन्या झाडांना त्या वर्षी असं फळ धरलं होतं की फांद्या टेकल्या होत्या. एके सकाळी उठून पाहते, तर अक्का परसात बसून बुट्टी भरत होत्या. खाली पाला, मग बारकं फळ, वर मोठी, देठाला पानं ठेवलेली. मी विचारलं, "कुठे निघालात?"

"स्टेशनवर."

"तुम्ही?"

"मग कोण? येतेस तर ये."

आमच्या घरातली बाई स्टेशनवर बुट्टी घेऊन बसणार, हे नवऱ्याला कळलं असतं तर तो काय म्हणाला असता कोण जाणे. तो पहिल्या पाळीला गेला होता. आम्ही दोघी रिक्षाने गेलो. बुट्टी दोघींच्या मध्ये, पायाशी. स्टेशनच्या बाहेर, जिन्याजवळ, फळवाल्या बायकांची रांग बसते. त्या रांगेत तीच होती.

थोडी सुकली होती, केस पांढरे झाले होते. तिच्या पुढ्यात बुट्टी नव्हती, प्लॅस्टिकचा निळा क्रेट होता आणि त्यात तेच मोठे, गुळगुळीत, बाहेरून आलेले पेरू. तिने आम्हाला पाहिलं. अक्कांच्या हातातली बुट्टी पाहिली. उठून आली आणि काही न विचारता अक्कांच्या हातातून ती घेतली.

"तुम्ही तिथे बाकावर बसा," ती म्हणाली.

"अगं, मीच विकते..."

"बसा हो अक्का. लोक बघतायत."

आम्ही बाकावर बसलो. तिने स्वतःचा क्रेट मागे सरकवला, आमची बुट्टी पुढे घेतली, पदराने वरचे पेरू पुसले आणि ओरडली, "प्यारलऽ! धारवाड प्यारलऽ!" इकडे पेरूला प्यारल म्हणतात. तो आवाज मी इतकी वर्षं फक्त परसात ऐकला होता. लोक थांबू लागले. काही जण तर पानं बघूनच वळले. एका म्हाताऱ्याने पेरू नाकाशी धरला आणि बायकोला म्हणाला, "हा बघ, हा खरा." अक्का बाकाच्या कडेला टेकून, ओठ घट्ट मिटून बघत होत्या. बुट्टी रिकामी व्हायला वेळ लागला नाही. तिने सगळे पैसे रुमालात बांधून अक्कांच्या हातात दिले. अक्कांनी त्यातले तिला द्यायचा प्रयत्न केला, तिने हात मागे घेतला.

अक्का उत्साहाने म्हणाल्या, "मग उद्यापासून ये की गं. पहिल्यासारखं. मागची झाडं सगळी आहेत."

रिकामी बुट्टी उलटी करून तिने पाला झटकला. मग म्हणाली, "नाळी तरब्याड्री, अक्का." उद्या आणू नका.

"का?"

"मी हुबळीच्या दलालाकडून माल उचलते. तो पहाटे टेम्पोने पाठवतो, संध्याकाळी पैसे घेतो. दुसऱ्याचा माल विकलेला कळला तर उद्यापासून देणार नाही." तिने मागच्या क्रेटकडे बोट केलं. "तुमचं फळ बहारापुरतं. त्याचं बारा महिने आहे, अक्का. मला बारा महिने जेवायचंय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर अक्कांना उत्तर देता आलं असतं. त्या नुसतं "होय, खरंय," म्हणाल्या. तिने बुट्टी माझ्या हातात दिली. मला वाटलं ती मला तंगी म्हणेल. तिने माझ्या दंडाला नुसता हात लावला आणि क्रेट पुढे ओढून बसली. लांबून शिट्टी ऐकू आली, तशी ती गिऱ्हाइकांकडे वळली.

घरी येताना अक्का रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडल्या. इतक्या मोठ्याने, की मला त्यांना आवरावं लागलं.

त्यानंतर त्यांनी बाग गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने, द्यायला सुरुवात केली. फुलोरा आला की ठेकेदार येतो, झाडांवरून एक नजर फिरवतो, आकडा सांगतो. पुढे तोडणारी माणसं त्याचीच, गाडी त्याचीच; आमचं फळ कुठे जातं, कोण खातं, आम्हाला कळत नाही. तोडणीच्या दिवसांत अक्का परसाचं दार लावून घेतात. रस्त्याकडची नवी झाडं निगा राखायला कुणी नाही म्हणून वाळत गेली. अण्णांच्या मुलांनी त्यांची पाऊण एकर बाग घरांच्या प्लॉटसाठी देऊन टाकली. अक्कांना ते स्वतःच्या अंगावर घ्यायची सवय लागली. मी कितीदा समजावलं, की त्यांचं तसं होणारच होतं, सगळीकडे होतंय. त्या ऐकून घेत आणि म्हणत, "पण त्यांच्याकडे मी गेले होते सांगायला."

काही वर्षांनी त्या बाईच्या मुलाच्या लग्नाचं आमंत्रण आलं. ती स्वतः हळदीकुंकू घेऊन आली होती, पण अक्का तेव्हा घरी नव्हत्या, मी एकटी होते. मी तिला सोप्यात बसायला सांगितलं. ती उंबऱ्याशी उभ्या उभ्याच बोलली आणि गेली.

लग्नाला आम्ही दोघी गेलो. अक्कांनी तिच्यासाठी इरकल साडी घेतली होती. मांडवात गर्दी होती, लाउडस्पीकर होता, तरी तिने आम्हाला पुढे नेऊन खुर्च्यांवर बसवलं आणि स्वतःही पाच मिनिटं शेजारी टेकली. दोघी बोलल्या. कशाबद्दल? गुडघ्यांबद्दल. कोणतं तेल लावायचं, जिना चढताना कुठला पाय आधी टाकायचा. सुनेचं माहेर कुठलं, मुलगा कुठल्या पाळीला जातो. पेरूचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही. मग तिला कुणीतरी हाक मारली, ती उठून गेली, आणि मांडवातल्या गर्दीत पुन्हा काही आमच्याकडे येऊ शकली नाही.

परतीच्या बसमध्ये, नवनगर मागे पडल्यावर, अक्का म्हणाल्या, "तिला म्हणणार होते, सकाळची येत जा कधी. नुसती चहाला."

"मग म्हणायचं की."

"म्हणणारच होते," अक्का म्हणाल्या, "पण तिचा गुडघा फार दुखतोय गं."